शिदूच्या खांद्यावरची शेळी

मावशीच्या जात्याचा आवाज अजून कधीमधी कानात येतो. पिठाचं जातं आणि हरभऱ्याचं जातं यांचे आवाज सारखे नसतात. पिठाचं जातं गुणगुणतं, हरभऱ्याचं जातं दात खातं. संगमावर इंग्रजांच्या वकिलाचा बंगला होता, त्याच्या पागेतल्या घोड्यांना मावशी हरभरा भरडून द्यायची. बंगल्याच्या मागं नोकरमाणसांची गवती छपरं होती, त्यांतल्या नदीकडच्या छपरात आम्ही तिघं राहत होतो: मावशी, तिचा मुलगा शिदू आणि मी. माझी आई मला आठवत नाही. मावशीनं शिदूला एका बाजूला आणि मला दुसऱ्या बाजूला पाजलं, असं ती भांडणात सांगायची, आणि भांडण आमचं रोजच व्हायचं. मुळेचं पाणी एकीकडून, मुठेचं दुसरीकडून, आणि वारा असला की शहरातल्या वाड्याचा चौघडा नदीवरून तरंगत यायचा. श्रीमंतांचं राज्य होतं, पण आमचं राज्य त्या छपराएवढं. ज्वारीची भाकरी, ठेचा, नदीत सापडले तर मासे, आणि पागेतून पदरात लपून आलेला मूठभर हरभरा. घोड्याच्या तोंडचं खाल्लं म्हणून मला लाज वाटलेली नाही. घोडे माजलेले होते, आम्ही नव्हतो.

आम्हांला शहरातले लोक बाटगे म्हणत. म्हणोत. बाटवलं आम्हांला कुणी साहेबानं नाही, एका शिंप्यानं. तंजावराकडचा माणूस, मद्रासेच्या पलटणीबरोबर तंबू शिवायला आला होता. नाव ज्ञानमुत्तू, पण ते पुण्याच्या जिभेला जड, म्हणून सगळे ज्ञानबा म्हणायचे. तो तिकडची मराठी बोलायचा, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळची, हेल काढून. काळा, किडकिडीत, सुई धरताना एक डोळा मिटायचा. शिदू आणि मी त्याच्या हाताखाली तंबू शिवायला शिकलो. "पावल प्रेषितसुद्धा तंबूच शिवत होता, समजलात का," असं तो रोज सांगायचा, आणि शिदू रोज विचारायचा, "मग त्याचे टाके तरी सरळ यायचे का?" ज्ञानबाकडं मोडी अक्षरात छापलेलं शुभवर्तमान होतं. कलकत्त्याकडून समुद्रानं आलेलं, कडा कसरीनं खाल्लेलं. त्यावरच त्यानं मला अक्षरं शिकवली. तेवढीच माझी शाळा. पुढं मी बालबोधही शिकलो, ते स्वतःच्या हट्टानं, म्हणून हे लिहू शकतो आहे. कुणाला माझं शुद्ध नाही वाटलं तर त्यानं शुद्ध करून वाचावं.

आमची मंडळी म्हणजे चार-पाच घरं. रविवारी दुपारी ज्ञानबाच्या छपरात प्रार्थना होई. मातीच्या भिंती, एक फळी, फळीवर तंबूच्या कापडात गुंडाळलेलं पुस्तक. प्रार्थना झाली की साक्ष. ही ज्ञानबानं तंजावराकडून आणलेली रीत. प्रत्येकानं उभं राहून आठवड्यात काय घडलं ते सांगायचं, आणि त्यात देवाचा हात कुठं दिसला तेही सांगायचं. नुसतं घडलेलं सांगून चालायचं नाही. "गोष्ट म्हणजे कापड," ज्ञानबा म्हणायचा, "देवाचा हात म्हणजे दोरा. दोरा दाखवा." मागं चुलीवर भात आणि चिंचेचं तिखट सार असायचं, मिरी घातलेलं, त्याच्या वासानं प्रार्थना लांबल्यासारखी वाटायची. ज्याची साक्ष चांगली त्याच्या पानात पहिली पळी पडे. आम्हां ज्वारी खाणाऱ्यांना भात म्हणजे सण.

शिदूला साक्ष कधी जमली नाही. तो उभा राहायचा, मान खाजवायचा आणि म्हणायचा, "तंबू शिवला. पाऊस आला. गळला." मावशीची तऱ्हा निराळीच. एकदा ती उठली आणि म्हणाली, "हरभरा भरडला. देवाचा हात म्हनाल तर, हात आसता तर त्यानं खुट्याला नसता का लावला? माजाच हाय दोन्ही वेळ." सगळे हसले, ज्ञानबासुद्धा. मला मात्र साक्ष जमायची. आवाज मोठा होता, आणि कुठं थांबायचं ते कळायचं. सुई हरवली आणि सापडली, एवढ्यावरून मी बायकांच्या डोळ्यांत पाणी आणलेलं आहे. पहिली पळी बहुतेक माझ्याच पानात पडायची, आणि शिदू माझ्या पानातला भात बिनदिक्कत उचलून खायचा. म्हणायचा, "सुई मीच लपवली होती, निम्मा भात माझा."

आता हे मी कशासाठी लिहितो आहे ते सांगतो. आमचे हल्लीचे रेव्हरंड, तरुण गृहस्थ, शिकलेले, माझ्याकडं आले होते. पुण्यातल्या आरंभीच्या मंडळीचा इतिहास लिहवून घ्यायचा आहे म्हणाले. "आपण एकटेच उरलात आजोबा. प्रभूनं त्या काळात मंडळीला कसं वाढवलं, प्रत्येक घटनेत त्याचा काय हेतू होता, तेवढं लिहून द्या." मी म्हटलं, घटना मला ठाऊक आहेत, हेतू त्यालाच विचारा, तुमची आणि त्याची रोजची गाठभेट आहे. ते हसले. गृहस्थ चांगले आहेत. पण त्यांच्या मनातला इतिहास मला ठाऊक होता, कारण तो मीच रचलेला आहे. दर कार्तिकात चर्चमध्ये जी साक्ष सांगतात, दाविदाची, ज्यानं पवित्र पुस्तक डोक्यावर धरून नदीत प्राण दिला, ती माझ्या तोंडची. तो दाविद म्हणजे आमचा शिदू. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्ञानबानं हे नाव ठेवलं होतं. त्या नावानं हाक मारली तर तो मागं वळून कोण आलं ते बघायचा.

मावशीनं एक शेळी पाळली होती. तांबडी, एका कानाला चीर गेलेली. वाघोलीला मावशीचं माहेर, तिथून तिच्या भावानं चोरून आणून दिलेली. बाटलेल्या बहिणीच्या दारी उघड येता येत नव्हतं, म्हणून त्यानं शेळी पागेच्या कुडाला बांधली आणि न बोलता निघून गेला. मावशीला माहेरचं तेवढंच मिळालं. शेळी छपरात आमच्याबरोबर झोपायची. शिदू तिला शिव्या द्यायचा आणि आपल्या भाकरीचा चतकोर तिला घालायचा.

मग तो दिवस आला. श्रीमंतांचं आणि इंग्रजांचं फिसकटलं हे आम्हां चाकरांना पागेतून आधीच कळलं होतं. घोड्यांची खोगिरं उतरत नाहीत तेव्हा काय ते समजावं. दुपारी शहराच्या बाजूनं धुरळा उठला आणि साहेब लोक मुळा उतरून खडकीच्या बाजूला निघाले. त्यांच्यामागं आम्ही. बायका, पोरं, गाठोडी, तंबूचे दोर. मावशीनं जात्याचा वरचा दगड घेतला होता, तो मी तिच्याकडून ओढून टाकून दिला, त्यावरून तिनं मला पाण्यातच शिव्या घातल्या. उतारावर पाणी कमरेच्या वर होतं आणि गार होतं, उतार सुटला की डोकं बुडेल एवढं. पलीकडं पोचून आम्ही माणसं मोजली, सगळी होती. तेव्हा ज्ञानबा मटकन खाली बसला. "पुस्तक फळीवर राहिलं," तो म्हणाला.

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. घरदार तंजावरास टाकून तो ते पुस्तक घेऊन आला होता. आमच्याजवळ दुसरं नव्हतं, आणि दुसरं कुठून यायचं तेही ठाऊक नव्हतं. सोडून आलेल्या काठावरची छपरं अजून शाबूत दिसत होती, धुरळा लांब होता. पोहणारे दोघंच, शिदू आणि मी. ज्ञानबा ठरवणार कसा? त्याची रीत होती, अडलं की चिठ्ठी टाकायची. यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना शिष्यांनी असंच केलं होतं, तसं तो सांगायचा. त्यानं पिशवीतून एक चिंचोका आणि एक खडा काढला, पागोट्यात टाकला, डोळे मिटून दोन शब्द बोलला. चिंचोका येईल त्यानं जायचं. आधी शिदूनं हात घातला. त्याच्या मुठीत चिंचोका निघाला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बघ, भात तुला आणि पाणी मला." आणि उतरला.

मला हायसं वाटलं होतं. हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तो गेला, छपरात शिरला, बराच वेळ दिसेना. तेवढ्यात स्वार आले. कुठल्या तरी छपराला आग लागली. मग शिदू काठावर दिसला. त्याच्या हातात पुस्तक नव्हतं. खांद्यावर शेळी होती. मावशी माझ्या शेजारी उभी होती, ती ओरडली, "माजी तांबडी!" आणि टाळ्या वाजवू लागली. हो, टाळ्या. चार स्वार काठावर येऊन काही ओरडले, ते शिदूला की आपसांत, ते इकडं ऐकू येत नव्हतं. शिदू पाण्यात शिरला. निम्म्यावर आला. तेवढ्यात लांब कुठं तरी तोफ झाली आणि शेळीनं लाथा झाडल्या. एवढंच. तो घसरला, एकदा वर आला, शेळीचं तोंड पाण्याच्या वर धरलेलं होतं, मग शेळी सुटली आणि तो दिसला नाही. मी उडी मारली. धार माझ्यापेक्षा दांडगी होती. शेळी पोहत येऊन आमच्या पायाशी उभी राहिली आणि तिनं अंग झाडलं. ज्ञानबाचं छप्पर तोवर जळत होतं, फळी आणि पुस्तक यांसकट.

शिदू तिसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडला. अंगावर वार नव्हता.

लढाई झाली, श्रीमंत गेले, वाड्यावर दुसरं निशाण लागलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हांला नव्या छावणीच्या कडेला जागा मिळाली. मावशी नवं जातं घेऊन तोच हरभरा भरडू लागली. ज्ञानबा खचला होता. ओवलेली सुई त्याच्या हातून निसटायची. त्यानं पोराला पाठवलं होतं, त्याच्या चिंचोक्यानं. तो मला म्हणायचा, "याकोबा, चिठ्ठी पडते ती आपल्या हातानं, पण निवाडा परमेश्वराचा. मग त्यानं दाविदास का निवडलं? हेतू असलाच पाहिजे." हेतू सापडला नसता तर तो माणूस जगला नसता, हे मला तेव्हा कळत होतं. आधी तो म्हणाला, स्वारांनी नक्की विचारलं असेल, तू कुणाचा? मग म्हणाला, विचारलंच. मी म्हटलं, आपल्याला ऐकू कुठं आलं? "देवाला आलं," तो म्हणाला. मग ज्ञानबाच्या गोष्टीत दाविदानं उत्तर दिलं, ख्रिस्ताचा. मग पुस्तक. तो त्यासाठीच गेला होता ना? मग त्यानं ते घेतलंच असेल, कापडाखाली, छातीशी. आपल्याला लांबून काय दिसतं? आणि छातीशी धरलेलं पुस्तक भिजेल, म्हणून पुढं ते डोक्यावर गेलं. प्रत्येक टाका ज्ञानबानं घातला असं मी म्हणणार नाही. डोक्यावरचा माझा होता. सांगायला बरं वाटायचं.

वर्ष भरलं तेव्हा मुंबईहून एक गोरा पाद्री आला. आमच्यासारखे लोक पुण्यात आहेत हे त्यानं ऐकलं होतं. प्रार्थनेला घर बांधून द्यायचं, नवीन पुस्तकं द्यायची, हे त्याच्या मनावर होतं. ज्ञानबानं मला सकाळीच सांगितलं, "साक्ष तू सांग. तुझ्या तोंडी शोभते." छपराबाहेर मांडव घातला होता, आमच्याच हातचा. मावशी शेवटी बसली होती. शेळी मागं खुंटाला बांधलेली. मी उभा राहिलो आणि सांगितली, चिंचोक्यापासून नदीपर्यंत. ज्ञानबा एकेक वाक्य साहेबाला तोडक्यामोडक्या इंग्रजीत समजावत होता. मी स्वारांपाशी थांबलो. मग "ख्रिस्ताचा!" म्हटलं. साहेबानं टोपी काढली. मग पुस्तक डोक्यावर, पाणी गळ्यापर्यंत. सगळा मांडव गप्प झाला, आणि त्या गप्प मांडवात मागून शेळी ओरडली.

कुणी तरी हसलं. ज्ञानबानं हातानं खूण केली, तिला लांब न्या. तेव्हा मावशी उठली.

"आन् शेळी?" ती म्हणाली.

मी पुढं सांगू लागलो. ती पुन्हा म्हणाली, "धोंड्या, शेळी कुटं हाय त्यात?" मला सगळे याकोब म्हणायचे, ती धोंड्या म्हणायची.

"मावशे, बस खाली," मी म्हटलं.

"बसते. पन माजा शिदू शेळी आनाया गेला हुता. माज्यासाठी. पुस्तक न्हवतं त्येच्याकडं. तू हुतास की बाजूला."

साहेबानं विचारलं, बाई काय म्हणते? ज्ञानबानं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द मी बोललो असतो तर तो माणूस तिथंच कोसळला असता, आणि घर गेलं असतं, पुस्तकं गेली असती, हे मी स्वतःला आजवर सांगत आलो. ते खरं आहे. पण हेही खरं की साहेब माझ्याकडं बघत होता, माझ्याकडं, एका तंबू शिवणाऱ्याकडं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "तिचं दुःख बोलतं आहे. आई आहे." ज्ञानबानं ते साहेबाला सांगितलं. साहेबानं मान खाली घालून तिच्यासाठी प्रार्थना केली. मावशी ती संपेपर्यंत उभी राहिली. मग शेळी सोडली आणि तिला घेऊन गेली.

त्या दिवशी पहिली पळी माझ्या पानात पडली. मी ती खाल्ली.

घरी आलो तेव्हा ती दूध काढत होती. तांबडी शिदूमागं दोनदा व्याली, मी तिचं दूध पीत होतो. वाटी माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "पी. हिलाच इसरलास, तर निदान दूध तरी कुनाचं ते ध्यानात ठिव." त्यानंतर ती मंडळीत आली नाही. मला जेवायला घालायची, धोंड्या म्हणायची नाही. याकोब म्हणू लागली. पुढच्या उन्हाळ्यात ती शेळ्या घेऊन वाघोलीला निघून गेली. भावानं घरात घेतली नाही, गोठ्याच्या कडेला जागा दिली. प्रार्थनेचं घर इकडं बांधून झालं. त्याच्या पहिल्या सभेत साक्ष माझीच होती.

वाघोलीला मी जायला हवं होतं. लग्न झालं, तंबूंचं काम वाढलं, दर कार्तिकात साक्ष सांगायला मला लांबून बोलावणी येऊ लागली. नगरापर्यंत गेलो. वाघोली त्याच रस्त्यावर आहे. रस्त्यावरून जायचो, आत वळायचो नाही. शेवटी तिच्या भावाचा निरोप आला तेव्हा गेलो. गोठ्याच्या भिंतीला टेकून ती गोधडीवर बसली होती. दात नव्हते. तांबडीच्या नातीपणती आजूबाजूला. मला ओळखायला वेळ लागला नाही. "याकोबराव आलं," ती भावजयीला म्हणाली, "घोंगडं टाका, मोटं मानूस हाय."

मी माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण माफी मागायची सवय मला नाही. मी बसलो. ती म्हणाली, "माज्या डोळ्यांपुडं आता नीट येत न्हाई. म्हातारपन हाय. तू पाह्यलंस, तू सांग. शिदू पान्यात आला तवा शेळी कंच्या खांद्यावर हुती? उजव्या का डाव्या? चारी पाय धरलं हुतं का मानंवर टाकली हुती? एकदा सांग, मंजी मला दिसंल."

एवढंच मागितलं तिनं. मी डोळे मिटले. काठ दिसला, स्वार दिसले, पाणी दिसलं. शिदू पाण्यात आला आणि त्याच्या डोक्यावर पुस्तक होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चिंचोका, पाणी, छप्पर. पुन्हा पुस्तक. तंबूच्या कापडात गुंडाळलेलं, दोन्ही हातांनी धरलेलं, इतकं स्पष्ट की कापडावरचे टाके मोजता येतील. शेळी होती हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं आणि दिसणं निराळं. इतक्या कार्तिकांत मी जे सांगत होतो, त्यानं मी पाहिलेलं पुसून टाकलं होतं.

"सांग की," ती म्हणाली.

मी म्हटलं, "उजव्या." अंदाजानं म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझ्या साक्षी ती पोरपणापासून ऐकत आली होती, खरी कुठली आणि रचलेली कुठली हे तिला कळायचं. ती शेजारच्या करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ऊन हाय, पानी पिऊन जा." मी पाणी प्यालो आणि आलो. ती आठवडाभरात गेली.

ज्ञानबा त्याआधीच गेला होता, शांतपणे, दाविदाचं नाव घेत. त्याला मी दोष देत नाही. त्याला जगायला ती गोष्ट लागत होती. मला फक्त भात लागत होता. देव त्या नदीत नव्हता असंही मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. मी आजही रविवारी पहिल्या बाकावर बसतो. पण तो असला तर शेळीसकट असेल. शेळी काढून टाकल्यावर जो उरतो तो कोण, हे मला ठाऊक नाही.

रेव्हरंडांना मी हे लिहून दिलं. त्यांनी वाचलं, आठवडा ठेवलं, आणि परत आणलं. शेळीच्या जागी बारीक रेघ होती, अदबीनं ओढलेली. "आजोबा, लोकांच्या श्रद्धेला धक्का बसेल. आणि शेळीचं प्रयोजन काय, ते वाचणाऱ्याला कळत नाही." मी म्हटलं, "प्रयोजन एवढंच, मावशीला दूध हवं होतं." ते म्हणाले, मंडळीसमोर उभं राहून आपणच इतकी वर्षं निराळं सांगितलंत, आता लोकांनी कोणतं खरं मानायचं? कागद मी परत घेतले आणि आता पुन्हा पहिल्यापासून लिहिले आहेत, अक्षर मोठं काढून.

शिदू आमची शेळी घेऊन येत होता. शेळी तांबडी होती, एका कानाला चीर होती. पुस्तक त्याच्याकडं नव्हतं. हे मी पाहिलं आहे, आणि आता मला ते दिसत नाही. ज्याच्या हाती हे कागद पडतील त्यानं यातलं काही खोडायचं असेल तर माझं नाव खोडावं. शेळी राहू द्यावी. ती कोणत्या खांद्यावर होती, एवढी जागा मी कोरी सोडली आहे.